समोरून ठोकलेली मॉरिस मायनर : हातात सवड असेल तर कामाचा क्रम कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा : १९५८ सालची मॉरिस मायनर १०००, चार दरवाजांची. पुढून डाव्या बाजूला ठोकलेली आणि त्यानंतर चौदा वर्षं ताडपत्रीखाली उभी. इंजिन फिरत नाही. दरवाजांखालच्या सिल गंजल्या आहेत. डावा पुढचा दरवाजा लावताना उचलून धरावा लागतो. विचारणाऱ्यांकडे आठवड्याला पाचेक तास आहेत, वेल्डिंगचा अनुभव नाही, पण शिकायची तयारी आहे. 'आधी सगळी गाडी खोलावी, पत्रा उघडा करावा आणि मग एकेक भाग नवा करत जावं' हा बेत बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलंय.

नाही. हा बेत गॅरेजचा आहे, तुमचा नव्हे.

मी आयुष्यभर पत्र्याचं काम केलं. त्यातली बरीच वर्षं हौशी मालकांनी अर्धवट सोडलेल्या गाड्या पुऱ्या करण्यात गेली. त्यातल्या निम्म्याअधिक गाड्या माझ्याकडे चाकांवर आल्याच नाहीत, खोक्यांतून आल्या. गंजाने संपलेली गाडी मी क्वचित पाहिली. खोलून ठेवल्यामुळे संपलेल्या मात्र खूप.

गॅरेजमध्ये सोमवारी उघडा केलेला पत्रा गुरुवारी प्रायमरखाली असतो. तुमचे आठवड्याला पाच तास म्हणजे वर्षाचे अडीचशे. अशा गाडीला हजार तास सहज लागतात, म्हणजे चार वर्षं झाली. चार वर्षांत उघडा पत्रा पुन्हा गंजतो, नवं रबर जुनं होतं, नवे टायर म्हातारे होतात, जुळवून ठेवलेलं इंजिन परत धरतं, आणि कुठला बोल्ट कुठला हे तुम्ही विसरता. म्हणून संथ कामाचा क्रम एकाच प्रश्नावर ठरवायचा : कुठली गोष्ट वाट पाहू शकते आणि कुठली नाही? नीट जोडून एपॉक्सी प्रायमर मारलेला पत्रा वर्षानुवर्षं टिकतो, तो आधी. ब्रेक, इंजिनची जुळणी, टायर, बॅटरी हे सगळं शेवटी. आणि गाडी जितका काळ चाकांवर ठेवता येईल तितका काळ ठेवायची.

पहिले तीन-चार रविवार पाना हातात धरू नका. फोटो काढा आणि मापं घ्या. मायनरला वेगळी चासी नाही, सगळा सांगाडा पत्र्याचाच आहे. पुढे इंजिनच्या दोन बाजूंनी पत्र्याच्या पेट्या जातात आणि त्यांच्यावरच इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन बसतं. तुमच्या गाडीत मार बसलाय तो बहुधा डाव्या पेटीला. वाकलेला मडगार्ड डोळ्यांना दिसतो, पण मायनरचे चारही मडगार्ड बोल्टने बसतात, त्यामुळे ती बदलण्याची बाब, फार चिंता नको. पेटी सरकलेली आहे का, हे मात्र नजरेला कळत नाही. त्याला मापच लागतं.

गाडी सपाट जमिनीवर चार स्टँडवर समपातळीत घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका. मग ओळंबा घ्या. सस्पेन्शनच्या पुढच्या बोल्टांपासून, पुढच्या सीटखालून आडव्या जाणाऱ्या क्रॉस मेंबरच्या दोन्ही टोकांपासून आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या बोल्टांपासून ओळंबा सोडा, आणि जमिनीवर जिथे टोक येईल तिथे खडूने फुली मारा. गाडी बाजूला केली की तिचा नकाशा जमिनीवर उरतो. आता कर्ण मोजा : डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत, आणि उलट. दोन्ही कर्णांत तीन मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर निश्चिंत राहा. आठ-दहा निघाले तर पेटी ओढून सरळ करावी लागेल. हा नकाशा कागदावर उतरवून घ्या, काम संपेपर्यंत लागणार आहे.

दरवाजाचं दुखणंही कापाकापीआधी ओळखायला हवं, कारण त्याची तीन कारणं असू शकतात आणि तिघांचे उपाय वेगळे. दरवाजा अर्धवट उघडून मागची कड वर-खाली हलवून पाहा. बिजागरीत खुळखुळ जाणवली तर पिना झिजल्यात. हे सगळ्यात स्वस्त दुखणं. बिजागरी घट्ट असेल आणि दरवाजाच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखीच आवळलेली असेल, तर धडकेने पुढचा खांब मागे ढकललाय. आणि फट खाली बरी पण वरच्या कोपऱ्यात चिमटल्यासारखी असेल, तर गाडी मधून बसलीय, म्हणजे सिल गेली. खात्री करायला क्रॉस मेंबरखाली जॅक हळूहळू उचला आणि फटीकडे बघा. फट डोळ्यांदेखत बदलली तर सिल आता नावापुरतीच उरली आहे. तुमच्या वर्णनावरून दुसरं आणि तिसरं अशी दोन्ही कारणं असावीत असा माझा अंदाज आहे, पण बघितल्याशिवाय पैज लावणार नाही.

इथे खरी अडचण सुरू होते, आणि तिच्यावर जाणत्या माणसांतही वाद आहेत. नियम असा की वाकलेला पत्रा आधी ओढायचा आणि मगच कापायचा. त्यातही शेवटी वाकलेलं आधी आणि आधी वाकलेलं शेवटी असं उलट्या क्रमाने ओढायचं. वाकलेल्या भागाला धरून ओढलं की त्याच्यामागचे, न दिसणारे ताणही सुटतात. तो भाग आधीच कापून फेकला तर ओढायला हातात काही उरत नाही. पण ओढायचं तर गाडी कुठेतरी घट्ट बांधावी लागते, आणि बांधायची जागा असते सिलपाशी. तीच तुमच्याकडे कुजलेली. कुजक्या सिलला धरून ओढलं तर पेटी सरळ व्हायच्या आधी सिल फाटेल.

मी काय करतो ते सांगतो. उजवी बाजू शाबूत आहे, तेव्हा उजवी सिल आधी पूर्ण करायची. तिथल्या फटी मूळच्या आहेत, त्यांच्यावरून डाव्या बाजूचा अंदाज घेता येतो. शिवाय वेल्डिंगचा पहिला हात साफ होतो तो न बिघडलेल्या बाजूवर. मग डाव्या बाजूला आतून, चांगला पत्रा सापडेल तिथे, जाड अँगल तात्पुरता जोडायचा. आता गाडी चाकांवर ढकलत ओढकाम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये न्यायची आणि पेटी तुमच्या खडूच्या मापांवर आणून घ्यायची. हे एकच काम बाहेर द्या. साखळी झाडाला बांधून घरी ओढण्याचे प्रयोग मी पाहिलेत. सुटलेली साखळी माणसाला बघत नाही. परत आल्यावर डावी सिल. गाडी आधीच सुटी केली असती तर ती वर्कशॉपपर्यंत गेलीच नसती, हेही लक्षात घ्या.

सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आधार द्या. साधारण पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, एक आडवा आणि एक तिरका. पाइप चौकटीच्या आतल्या बाजूने बसवा, म्हणजे दरवाजा लावून फट तपासता येते. दोन्ही बाजूंच्या सिल एकाच वेळी कधीही कापू नका. ही अक्कल मला फुकट मिळालेली नाही. सुरुवातीच्या काळात एका गाडीच्या दोन्ही सिल मी एकाच दुपारी उडवल्या होत्या, कारण ग्राइंडर हातात होता आणि जोर चढला होता. नव्या सिल सुंदर बसल्या. दरवाजे बसवायला गेलो तर अकरा मिलिमीटरने चुकले. सगळं काम पुन्हा कापलं.

सिल म्हणजे एकच पत्रा नसतो, दोन-तीन पत्र्यांची बंद पेटी असते. बाहेरचा पत्रा काढला की आतलाही गेलेला दिसेल, आणि त्याला लागून जमिनीची कड. मायनरमध्ये क्रॉस मेंबरची टोकं नीट बघा. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळलेल्या सळया, मागे येऊन या क्रॉस मेंबरमध्येच अडकतात. टोकं कुजलेली असतील तर वरून ठिगळ मारून चालणार नाही, तिथे पुऱ्या जाडीचा नवा तुकडाच हवा. आणि टॉर्शन बारमध्ये ताण भरलेला असतो; त्याचा ताण पद्धतशीर उतरवल्याशिवाय सस्पेन्शनच्या बोल्टांना हात लावायचा नाही.

वेल्डिंगसाठी गॅसवालं मिग मशीन, म्हणजे वायर आपोआप पुढे सरकवणारं यंत्र, घ्या. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची वायर पातळ पत्र्यावर फार तापते आणि भोकं पाडते. ०.६ मिलिमीटरची वायर आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरा. गाडीला हात लावण्याआधी किमान महिनाभर भंगाराच्या एक मिलिमीटरच्या पत्र्यावर सराव करा. दोन तुकडे जोडा, शिकंज्यात धरून वाकवा, हातोडीने ठोका. जोडाशेजारचा पत्रा फाटला पण जोड टिकला, तर तुम्ही तयार आहात.

हौशी माणसाची हमखास चूक म्हणजे सलग ओढलेली वेल्डिंगची रेघ. तापलेला पत्रा फुगतो, थंड होताना आधीपेक्षा जास्त आकसतो आणि आजूबाजूचं सगळं आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून टाके घालायचे. एक टाका इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, तिसरा मध्ये. मग हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग मधल्या जागा भरायच्या. इथे तुमची सवड कामाला येते : गॅरेजवाल्याला थांबायला वेळ नसतो, तुम्हाला असतो. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला सातेक मिलिमीटरचं भोक पाडून ते वेल्डने भरा. दिसायला आणि ताकदीला जवळजवळ तसंच होतं.

वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, कितीही रिकामी वाटली तरी. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त घातक असते. क्लोरिनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघू शकतो. त्या काळच्या रंगात शिसं आणि ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असतं हे धरूनच चाला : रंग ओला ठेवून घासायचा आणि ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही.

आता प्रायमर. अर्धवट सोडलेल्या गाड्या बहुतेक करड्या रंगाच्या का असतात? मालकाने पत्रा घासला, साधा प्रायमर मारला आणि वाटलं, आता दोन वर्षं चिंता नाही. पण साधा प्रायमर स्पंजासारखा असतो. त्यातून ओलावा आत जातो आणि गंज खालून पोसला जातो. वर मात्र सगळं गुळगुळीत दिसतं. तुम्हाला दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर हवा, तो ओलावा अडवतो. नियम सोपा ठेवा : एका दिवसात जेवढा पत्रा जोडून, घासून, पुसून प्रायमरखाली झाकता येईल तेवढाच उघडा करायचा. पाच तासांत एक फूट सिल झाली तरी चालेल, पण ती एक फूट पुरी झालेली हवी. बंद पेटीच्या आतल्या बाजूला शेवटी, रंगकाम उरकल्यावर, पातळ मेण फवारायचं. पाणी निघून जायची भोकं रंगाने किंवा मेणाने बुजणार नाहीत हे बघा, कारण मुळात सिल कुजल्या त्या बहुधा तुंबलेल्या पाण्यानेच.

पुट्टीला नाकं मुरडणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही. एपॉक्सीवर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पुट्टी हे रीतसर काम आहे. त्याहून खोल खड्डा हातोडीने आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) उठवायचा. तो उठत नसेल तर पत्रा ताणला गेलाय आणि आकसवायला हवा. भोकावर जाळी लावून पुट्टी भरणं याला मात्र माझ्या भाषेत दुरुस्ती म्हणत नाहीत.

मापं उरकली की इंजिनकडे लगेच लक्ष द्यावं लागेल, पण फक्त सोडवण्यापुरतं. चौदा वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला धरतात. आधी फॅनबेल्ट काढा. कधी कधी डायनॅमो किंवा पाण्याचा पंप अडकलेला असतो आणि दोष इंजिनला लागतो. मग स्पार्क प्लग आणि वरचा, व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर शाफ्ट काढा, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद राहतील आणि अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकणार नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ, भेदक तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. मग पुढच्या चाकांना अडसर लावा, एकच मागचं चाक उचला, चौथा गिअर टाका आणि ते चाक हाताने पुढे-मागे झुलवा. केसभर हललं तरी काम झालं. उरलेलं काम तेल आणि वेळ करेल. स्टार्टरने जोर काढू नका, तुटलेली रिंग सिलिंडर खरवडते.

सुटल्यावर चालू करण्याचा मोह होईल. तो आवरा. सिलिंडरमध्ये तेल सोडा, प्लग लावा आणि महिन्यातून एकदा थोडं फिरवून प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबवा. पुरं खोलणं, मापं, नव्या रिंगा हे सगळं सांगाडा रंगून झाल्यावर. त्या वेळी हेड मशीन शॉपला द्याल तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी कडक सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कड) बसवून घ्या. या ९४८ सीसीच्या ओतीव लोखंडी हेडला जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा आधार होता, आता तो मिळत नाही आणि सीट झिजून खाली बसत जातात. आणि पहिल्यांदा चालू करताना तेलाचा दाब उगीच आपोआप येईल असं मानू नका : ऑइल प्रेशरच्या जोडातून पंपाकडे तेल दाबून भरा आणि प्लग काढून स्टार्टरवर फिरवून दाब दिसल्यावरच प्लग लावा.

ब्रेकचं एकच काम आत्ता करण्यासारखं आहे. मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली सांगाड्याच्या पेटीतच बसवलेला आहे, आणि त्याचे बोल्ट बाहेर काढायला गेलं की टॉर्शन बार आडवा येतो. ज्याने कोणी ही जागा निवडली त्याला एकदा तो सिलिंडर स्वतः काढायला लावायला हवा होता. सस्पेन्शनचा ताण उतरवलेला असेल त्याच आठवड्यात तो काढून ठेवा. ब्रेकचे नवीन रबरी सील, नळ्या, रबरी होज मात्र गाडी रस्त्यावर जाण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत घ्या. जुना रबरी होज बाहेरून ठीक दिसला तरी आतून फुगून झडपेसारखा वागतो : ब्रेक लागतो, पण सुटत नाही. तो बदलायचाच.

सुट्या भागांबद्दल. बोल्ट डब्यात टाकू नका. भाग काढला की त्याचे बोल्ट त्याच भोकांत परत दोन आटे फिरवून ठेवा. जे तसं जमत नाही ते पिशवीत, आणि पिशवीवर 'बोल्ट' असं न लिहिता 'डावा पुढचा मडगार्ड, वरचे चार' असं लिहा. आट्यांचीही फसगत होते. मॉरिस कंपनीने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आट्यांची होती, म्हणून पुढे कित्येक वर्षं मॉरिसची आणि त्यातूनच आलेली एमजीची काही इंजिनं मेट्रिक आट्यांवर व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी इंची मापाचं डोकं अशा अजब बोल्टांनी बनत राहिली. तुमच्या ए-सिरीज इंजिनात ही भानगड नाही, पण जुन्या बोल्टांच्या डब्यातून एखादा तसला नग हाती लागला तर नटात जबरदस्तीने घुसवू नका. पहिले दोन आटे बोटांनी फिरले नाहीत तर तो त्या जागेचा बोल्ट नव्हे.

वायरिंगवर फार लिहीत नाही. या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, हे पक्कं लक्षात ठेवा, नाहीतर नवी वस्तू लावताच जळेल. तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशननंतरची, हिरवी फ्यूजमधून गेलेली, काळी बॉडीची. एवढं समजलं की बाकी नकाशा वाचता येतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, 'इतकं कापून-जोडून गाडी अस्सल राहील का?' या गाडीच्या जन्माची गोष्ट अशी की १९४८ मध्ये ती बाजारात यायच्या थोडं आधी तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून घेतली, दोन अर्धे सरकवून बघितले आणि चार इंच रुंदी वाढवली. बॉनेटच्या मधोमध जो उंचवट्याचा पट्टा दिसतो तो त्याच वाढीचा. तेव्हा कापण्याची लाज बाळगू नका. जुना पत्रा जिथे चांगला आहे तिथे तो राहू द्या, कापलेल्या तुकड्यांचे फोटो आणि तारखा वहीत ठेवा, आणि मूळ रंग एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात, समजा डॅशबोर्डच्या मागे, न घासता सोडा.

पहिल्यांदा दोन आकडे हवेत : दोन कर्णांतला फरक, आणि जॅक लावल्यावर डाव्या दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यातली फट किती बदलली तो. ते कळवा. फरक पाच मिलिमीटरच्या आत असेल तर वर सांगितलेलं ओढकाम कदाचित लागणारही नाही, आणि मग सिलची चर्चा वेगळ्या ठिकाणाहून सुरू करावी लागेल.